सात नंबरचा दिवा

“आक्का, ह्याच्यावर अंगठा ठेवायचा आणि दाबायचं. एवढंच.”

“दाबती की.”

“मग दाबा बघू.”

“आता कशाला? आता तू हाईस की हितंच.”

असं म्हणून शेवंताक्कांनी ते बटण वायरीसकट माझ्या हातातून काढून घेतलं, पदराने पुसलं आणि सलाईनच्या स्टँडला नीट गुंडाळून ठेवून दिलं. मी ते सोडवलं आणि उशीच्या अभ्र्याला पिनेनं टाचलं. वॉर्डात एक फेरी मारून परत येते तर बटण पुन्हा स्टँडवर, आणि आक्का हात जोडून छताकडे बघत शांत पडलेल्या.

मिरजेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी तेव्हा नवी नवी स्टाफ नर्स होते. बायकांचा वॉर्ड. प्रत्येक कॉटपाशी वायरीला लटकलेलं एक बटण होतं. ते दाबलं की आमच्या काउंटरवरच्या बोर्डावर त्या कॉटच्या नंबराचा लाल दिवा लागायचा आणि घंटी किणकिणायला लागायची. कॉटजवळ जाऊन भिंतीवरचा खटका वर केल्याशिवाय तो दिवा काही विझायचा नाही. म्हणजे इथूनच “आले आले” म्हणून भागायचं नाही, उठून जावंच लागायचं. दोन नंबरच्या कॉटवर एका हेडमास्तरांच्या पत्नी होत्या. त्या पंखा हळू करा म्हणून दाबायच्या, पंखा मोठा करा म्हणून दाबायच्या, आणि एकदा तर त्यांनी मला फक्त किती वाजले ते विचारायला बोलावलं होतं. घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर होतं.

आणि सात नंबरवर ह्या शेवंताक्का मगदूम. इचलकरंजीच्या. यंत्रमागावरच्या कामगारांसाठी त्यांनी खानावळ चालवली, नवरा गेल्यापासून ते पार केस पांढरे होईपर्यंत. चुलीतला निखारा पायावर पडला आणि मधुमेहामुळे त्यांना तो कळलाच नाही. कळलं तेव्हा जखम चिघळलेली होती. पायावर उभं राहायची बंदी, रोज ड्रेसिंग आणि नव्यानेच सुरू केलेलं इन्शुलिन. ते काही त्यांना लवकर मानवेना. साखर आज आभाळाला, तर उद्या पाताळात.

बाई मात्र लाख मोलाची. ड्यूटीवर आल्या आल्या पहिला प्रश्न, “जेवलीस काय?” सकाळी सात वाजता कोण जेवतं? पण त्यांचं विचारणं चुकायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघून ओळखायच्या, आज नुसत्या चहावर आलीय. मावशीकडे राहत होते मी, आणि मावशी उठायच्या आत निघावं लागायचं. आक्का उशाखालून राजगिऱ्याची वडी काढून माझ्या खिशात कोंबायच्या. मधुमेहाच्या पेशंटच्या उशाखाली वडी कशी, हे विचारायची सोय नव्हती. “माझ्यासाठी न्हाई, ती तुझ्यासाठी ठेवलीया,” म्हणायच्या. मी त्यांना रागे भरायचे आणि वडी खाऊनही टाकायचे.

आमच्या इन्चार्ज रणभिसे सिस्टर. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीच्या. पेटलेला दिवा त्यांना सोसायचा नाही. बोर्डाकडे पाठ असली तरी त्यांना कळायचं. “पाच नंबर कुणाकडे आहे?” असा आवाज निघाला की वॉर्डातल्या पेशंट, नातेवाईक, झाडूवाल्या मावशी, सगळ्या जणी माना वळवून बघायच्या की आता कुणाची हजेरी घेतली जातेय. माझी तर दिवसातून एकदा ठरलेलीच.

त्या दिवशी मात्र त्यांनी मला काउंटरमागे हळूच बोलावलं.

“भोकरे, सात नंबरचा दिवा मी अजून एकदाही पेटलेला बघितला नाही.”

“आक्का काही त्रासच देत नाहीत, सिस्टर.”

“मला तोच त्रास आहे. बोंबलणारा पेशंट जिवंत आहे हे निदान कळतं तरी. हिची साखर घसरली ना, तर ही बाई तोंडातून ब्र काढायची नाही. तशीच जाईल, आणि आपल्याला चादर बदलताना कळेल.”



“तिनं बेल दाबली पाहिजे. काय करायचं ते कर. गोड बोल, भांडण कर, पण तिला ती सवय लाव.”

मी कामाला लागले. पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवला, म्हटलं तहान लागली की दाबतील. आक्का शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीच्या सुनेशी, रत्नव्वाशी, गप्पा मारत बसल्या आणि बोलता बोलता तिच्याकडून तांब्या मागून घेतला. तोही असा की रत्नव्वालाच वाटावं, आपणहून दिला. मग मी आमिष दाखवलं.

“आक्का, दाबलंत तर बिनसाखरेचा चहा आणून देते. गरम.”

“आणायचा कुणी?”

“मीच.”

“मग नगं. तुझं पाय दुखत न्हाईत व्हय?”

“अहो, माझं कामच आहे ते.”

“काम हाय म्हणून काय पळवायचं माणसाला? ती दोन नंबरची बाई बघ, दिवसभर पळीवती तुला. एवढी शिकलेली बाई, पण कळाय नगं?”

मी शेवटी हात टेकले. म्हटलं, “आक्का, घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तरी दाबाल? मला वचन द्या.”

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “दाबीन गं बाई. तू जिवाला घोर लावून घिऊ नगंस.”

आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवावा असाच त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या गाडीची चाकं व्हरांड्यात खडखडायला लागली तशी मी आक्कांना इन्शुलिन दिलं. ताट आलं. दोन चपात्या, दोडक्याची भाजी, वरण, ताक. मी ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“इंजेक्शन दिलंय. आता काही टाकायचं नाही. सगळं पोटात गेलं पाहिजे.”

“कधी अन्न टाकलंय का मी? जा तू.”

तेवढ्यात दोन नंबरचा दिवा लागला. तिथून पाच नंबर, तिथून ड्रेसिंग. परत आले तेव्हा सातचं ताट धुऊन पुसून लॉकरवर पालथं घातलेलं होतं. खानावळवाल्या बाईचं ताट, ते असंच चकचकीत असणार. मला बरं वाटलं.

आमची जेवायची खोली म्हणजे काउंटरच्या बाजूचा एक कोनाडाच होता. दाराला पडदा, तोही गड्यानं धुवायला नेलेला. समोर सरळ रेषेत सात नंबर. मी डबा उघडला. भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. पहिला घास तोंडात घातला आणि मान वर केली, तर आक्का माझ्याकडेच बघत होत्या. अंगभर माया दाटून यावी असं बघणं. मी हसले. त्यांनी हात किंचित उचलून खूण केली. खा, खा.

मी खात होते. पुन्हा बघितलं. पुन्हा तीच खूण, पण हात ह्या वेळी अर्ध्यातच खाली आला. मला वाटलं, झोप आली असेल, पोट भरलंय. मग त्यांनी पदर उचलून कपाळ पुसलं. थोड्या वेळानं पुन्हा पुसलं. डोक्यावर पंखा गरगरत होता, बाकी बायका पांघरुणं ओढून पडल्या होत्या, आणि ह्या एकट्या घाम पुसत होत्या.

मी उठले. माझा हात भरिताने भरलेला, तसाच. मला येताना बघून आक्कांचा चेहरा कसानुसा झाला. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द ओढत ओढत आले.

“ताटावरनं… उठू नगंस…”

अंग ओलंचिंब. हात थंडगार आणि थरथरत असलेले. डोळे माझ्यावरून घसरून कुठेतरी भलतीकडेच वळायला लागले. मी “सिस्टर” म्हणून जी हाक मारली ती मला वाटतं खालच्या मजल्यावर गेली असेल. रणभिसे सिस्टर धावत आल्या ते ग्लुकोजचा ट्रे घेऊनच. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघितली आणि त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. डॉक्टर येईपर्यंत आक्का हाकेला ओ देईनाशा झाल्या होत्या. शिरेतून ग्लुकोज जाऊ लागलं. मी त्यांचा दुसरा हात धरायला गेले तर मूठ गच्च आवळलेली होती. मी एकेक बोट सोडवलं.

मुठीत बेलचं बटण होतं. स्टँडवरून सोडवून घेतलेलं. अंगठा बटणाच्या अगदी शेजारी होता आणि दाबलेला मात्र नव्हता.



साखर चढली तसा रंग परत आला. आक्कांनी डोळे उघडले, आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. भरीत वाळून बोटांना चिकटलं होतं.

“जेवण राहिलं का तुझं?” असं त्या म्हणाल्या आणि मला रडूच कोसळलं. वॉर्डात, सगळ्यांसमोर, नोकरीत पहिल्यांदा.

“ताट तर रिकामं होतं,” डॉक्टर म्हणाले. “जेवलं असेल तर साखर इतकी कशी उतरली?”

तेव्हा शेजारच्या कॉटपाशी रत्नव्वा मुसमुसायला लागली. ती आदल्या संध्याकाळी गावी जाऊन पहाटेच जतकडून एसटीनं परत आली होती, सासूचं औषध आणायला इकडं तिकडं पळाली होती आणि अन्नाचा कण पोटात नव्हता. आक्कांनी तिला जवळ बसवून ताट तिच्यापुढं सारलं होतं. सारलं म्हणजे आग्रह करकरून, वरणात चपाती कुस्करून. “मला आज भूकच न्हाई,” म्हणाल्या होत्या. आणि रत्नव्वा बिचारी जेवली, ताट घासून ठेवलं. इन्शुलिन दिल्यावर जेवलंच पाहिजे हे तिला कुणी सांगितलं होतं?

संध्याकाळी ड्यूटी संपली तरी मी घरी गेले नाही. रणभिसे सिस्टरही गेल्या नव्हत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि आक्कांच्या उशाशी बसल्या. मला वाटलं, आता खैर नाही, आधी आक्कांची आणि मग माझी.

पण त्यांचा आवाज अगदी खालचा होता.

“आक्का, घाम फुटायच्या आधी काय झालं होतं?”

“काय न्हाई.”

“पोटात काही?”

आक्का भिंतीकडे बघायला लागल्या.

“भूक लागली होती ना? साखर उतरायला लागली की आधी कडकडून भूक लागते. लागली होती का?”

चोरी पकडल्यासारखं आक्कांनी मान हलवली.

“मग तेव्हाच का नाही बेल दाबलीत?”

“आता भूक लागली म्हणून कुणी घंटी वाजवतं व्हय? अन् ही पोरगी त्या वक्ताला डबा उघडून बसली हुती. जेवत्या माणसाला ताटावरनं उठवायचं? माझ्या हातनं कसं व्हावं ते? म्हटलं, हिनं डबा झाकला की दाबावं. लई हळू जेवती ही.”

रणभिसे सिस्टरनी माझ्याकडे बघितलं नाही. “आणि आधीचे इतके दिवस? तेव्हा तर कुणी जेवत नव्हतं.”

 आक्का पांघरुणावरची सुरकुती हातानं सरळ करत म्हणाल्या, “सांगू काय? राग येईल तुमास्नी.”

“येऊ दे.”

“माझ्या खानावळीत कुणाला भाकरी मागाय लागायची न्हाई. मी ताट बघून वाढायची. एखाद्यानं ‘आक्का, भाकरी’ म्हणून हाक मारली की मला दिवसभर लागून ऱ्हायचं. माझं ध्यान नव्हतं म्हणून त्याला मागाय लागली. हाक मारणं म्हंजे वाढणारीची चूक. आन् हितं घंटी वाजली की तुमी सगळ्यांदेखत ह्या पोरींना बोलताय. मी वाजीवली तर मीच सांगितल्यागत झालं न्हवं का, की हिचं माझ्याकडं ध्यान न्हाई? कसं सांगू? लई ध्यान हाय हिचं माझ्याकडं.”

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्या बाईनं इतके दिवस बेल दाबली नव्हती ती भिडेनं नाही, लाजेनं नाही, हट्टानंही नाही. मला कुणी बोलू नये म्हणून. मी मनातल्या मनात तिला हट्टी म्हातारी म्हणत होते आणि ती माझी अब्रू सांभाळत होती. असं कुणी माझ्यासाठी, अगदी आईनंसुद्धा, कधी केल्याचं मला आठवेना.

रणभिसे सिस्टरनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

“आक्का, तुमच्यासमोर पंगत बसायची. कुणाच्या ताटात काय संपलं ते तुम्हाला दिसायचं. तुमची साखर तुमच्या रक्तात आहे. ते ताट मला कसं दिसावं? ह्या पोरीला तरी कसं दिसावं? तुम्ही सांगाल तेव्हाच आम्हाला कळणार. आणि मी पोरींना बोलते ते…” त्या थांबल्या. “ते बघते मी. ते माझ्यावर सोडा.”

“जेवताना उठवलं तर चालतंय?”

“चालतंय.”

“पाप लागतंय.”

“ते माझ्या खात्यावर लिहा.”

आक्का पहिल्यांदा हसल्या. पण दाबीन असं काही म्हणाल्या नाहीत, आणि ह्या वेळी मी वचनही मागितलं नाही.

त्यानंतर रणभिसे सिस्टरनी ताट पुढ्यात आल्याशिवाय आणि पहिला घास पोटात गेल्याशिवाय आक्कांना इन्शुलिन द्यायचं नाही असा नियम केला. दिवा लागला की “कुणाकडे आहे?” असं मोठ्यानं विचारणंही बंद केलं. बोर्डाकडे बघायच्या, ओठ आवळायच्या आणि जी जवळ असेल तिला नुसती मान हलवून खूण करायच्या. नाहीतर स्वतःच चालू लागायच्या. वॉर्डातल्या मावशींना तर वाटलं, सिस्टरांची बदली झाली की काय.

सातचा दिवा मात्र विझलेलाच. मी दर अर्ध्या-पाऊण तासाला जाऊन आक्कांचा हात हातात घेऊन बघत होते, गार आहे का, ओला आहे का. आठवड्याअखेर त्यांना घरी सोडायचं होतं. घरी कोण बघणार होतं? मुलगा खानावळीत, सून खानावळीत, आणि ह्या माजघरात कॉटवर, तोंडाला कुलूप लावून. रणभिसे सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, “ही बाई स्वतःहून मागायला शिकल्याशिवाय मला तिला सोडायची भीती वाटते.” मलाही तीच भीती होती. रात्री अंथरुणावर पडलं की ती गच्च मूठ डोळ्यांपुढे यायची.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सकाळी नाश्त्याला उपमा होता. आक्कांनी चमच्यानं तो उलटापालटा केला, “ह्येला आमच्यात लापशीबी म्हणत न्हाईत,” असं म्हणून दोन घास खाल्ले आणि बाकीचा सारून ठेवला. सकाळचं इन्शुलिन पहिल्या घासानंतरच देऊन झालं होतं, आणि गडबडीत उरलेला उपमा माझ्या ध्यानात आला नाही. दुपारी स्वयंपाकघरातली लिफ्ट बंद पडली आणि जेवणाची गाडी वर यायला उशीर झाला. मी म्हटलं, तोवर आपण जेवून घ्यावं. डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला.

घंटी किणकिणली.

मी सवयीनं दोन नंबरकडे बघितलं. दोनचा दिवा विझलेला होता.

रणभिसे सिस्टर माझ्याआधी उठल्या. त्यांची खुर्ची मागच्या मागे कोसळली तरी त्यांनी वळून बघितलं नाही. मी भरल्या हातानं त्यांच्यामागून पळाले. घंटी थांबेचना, कारण आक्कांनी अंगठा काढलाच नव्हता. उशीला टेकून बसलेल्या, बटण दोन्ही हातांत धरून दाबत होत्या, आणि चेहरा असा लाल झालेला की जणू सगळ्या गावानं त्यांना काही भलतंच करताना बघितलं होतं. कपाळावर घामाचे बारीक थेंब होते.

“काय होतंय, आक्का?”

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. “उठीवलं न्हवं तुला?”

“उठवलंत. बरं केलंत. काय होतंय?”

ओठ हलले, पण आवाज निघेना. रणभिसे सिस्टर वाकल्या आणि त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “सांगा, आक्का. मोठ्यानं सांगा.”

“भूक लागलीया,” आक्का म्हणाल्या. मग डोळे मिटून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाल्या, “मला लई भूक लागलीया, पोरी. वाढ मला.”

आधी त्यांना साखरपाणी पाजलं. मग मी माझा डबा आणला, भाकरीचा माझा मोडलेला तुकडा बाजूला काढला आणि बाकीची त्यांच्या हातात दिली. भरीत वाढलं, ठेचा लपवला. त्या जेवायला लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटांवर नजर ठेवून उभी राहिलेली ती बाई मान खाली घालून, कुणाकडेही न बघता, पोटभर जेवत होती, आणि मी तिच्याजवळ उभी राहून तिच्या हातातल्या भाकरीकडे बघत होते.

भाकरी संपली. आक्कांनी बोटं चाटली आणि मान वर केली.

“आणखी हाय?”

माझ्या डब्यात काही उरलं नव्हतं. मी रणभिसे सिस्टरकडे बघितलं. त्या वळल्या आणि स्वतःचा डबा आणायला गेल्या.